मखरातली एलईडी पट्टी भाचीच्या पीसीत चालेल का? आरजीबी स्ट्रिपबद्दल मदत हवी

हडपसरचा_मामा
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

माझी भाची यंदा इंजिनिअरिंगला गेली. पीसी विकत न आणता स्वतः जोडायचा असं तिनं दहावीतच ठरवलं होतं. गेले दोन शनिवार-रविवार आम्ही दोघं मिळून तो जोडतोय. पीसी सुरू झाला, विंडोज पडलं, सगळं ठीक आहे. कॅबिनेटला एका बाजूनं काच आहे, त्यामुळे आता आत रंगीत उजेड हवा असं तिचं म्हणणं.

घरात गणपतीच्या मखरासाठी आणलेला ५ मीटरचा एलईडी पट्टीचा रोल आहे. रिमोटवर रंग बदलतात, रंग पळतातही. त्यातलाच एक तुकडा कापून आत लावावा असा माझा विचार. मदरबोर्ड एमएसआयचा, बी५५० चिपसेटचा. त्यावर एके ठिकाणी चार पिना आहेत, शेजारी ‘जेआरजीबी१’ छापलंय. दुसऱ्या ठिकाणी तीन पिना आहेत, मध्ये एका पिनेची जागा रिकामी, तिथे ‘जेरेनबो१’. मखराच्या पट्टीला तीनच वायर आहेत: लाल, हिरवी, पांढरी. म्हणून आज दुपारी पंख्यांची वायर काढून त्या तीन पिनांवर जंपर वायरनं पट्टी जोडली. काहीच पेटलं नाही. काढून तिच्या मूळ कंट्रोलरवर लावली तर पहिल्यासारखी लख्ख चालते.

कॅबिनेटबरोबर चार लाइटवाले पंखे आलेत. ते एकमेकांना जोडून शेवटची वायर याच तीन पिनांवर होती. ती परत लावल्यावर पंखे पेटतात.

पट्टी का पेटली नाही? आणि माझ्या हातून बोर्डाला काही इजा तर झाली नसेल? भाचीनं दोन वर्षं पैसे साठवून हे सगळं घेतलंय, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.


चमचम_पीसी
शनिवार, रात्री ९.५८

मामा, तीन पिन म्हणजे एआरजीबी (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठेवता येतो ती जात), वायरही तीन, म्हणजे बरोबरच जोडलंय तुम्ही. एमएसआय सेंटर हे सॉफ्टवेअर टाका, त्यात मिस्टिक लाइटमध्ये जा आणि तो हेडर, म्हणजे बोर्डावरच्या त्या पिना, चालू करा. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं.


तपकीर_गल्लीकर
शनिवार, रात्री १०.०५

थांबा. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. मामा, आधी तीन गोष्टी बघून सांगा, आणि तोवर ती पट्टी बोर्डावर पुन्हा लावू नका.

मखराच्या पट्टीचा अडॅप्टर किती व्होल्टचा आहे? त्यावर ‘आउटपुट’पुढे छापलेलं असतं. पट्टीवर कापायच्या खुणा, म्हणजे तांब्याच्या ठिपक्यांमधून गेलेली रेघ, दर किती एलईडीनंतर आहे? आणि त्या ठिपक्यांपाशी काय अक्षरं आहेत? मोबाइलचा कॅमेरा झूम केला की वाचता येतात.


हडपसरचा_मामा
शनिवार, रात्री १०.३१

अडॅप्टर १२ व्होल्ट, ५ अँपिअर. कापायची खूण दर तीन एलईडीनंतर आहे. ठिपक्यांपाशी ‘+१२व्ही’, ‘डीआय’ आणि ‘जीएनडी’. भाची शेजारी बसली आहे. तिच्या आत्ता लक्षात आलं की बोर्डाच्या पुस्तिकेत त्या तीन पिनांपुढे ‘+५व्ही’ लिहिलंय. आम्ही दोघांनीही वायर मोजल्या, व्होल्ट बघितलेच नाहीत.


सोल्डरकाका
शनिवार, रात्री १०.५२

मामा, बोर्ड सुखरूप आहे. पंखे परत पेटले हीच त्याची खूण. आज शांत झोपा.

आता काय झालं ते सांगतो. बाजारात तीन वायरच्या पट्ट्या दोन जातींच्या मिळतात आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. पीसीत जी चालते तिच्यातली चिप बहुधा डब्ल्यूएस २८१२बी जातीची. तिला ५ व्होल्ट लागतात. चिप एलईडीच्या पोटातच असते, त्यामुळे प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठेवता येतो आणि पट्टी कुठल्याही एलईडीनंतर कापता येते. मखराला, लग्नाच्या स्टेजला, दुकानाच्या पाटीला जी लावतात ती बरेचदा डब्ल्यूएस २८११ची. हिच्यात एक चिप तीन एलईडी एकदम सांभाळते. ते तीन एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणून तिला १२ व्होल्ट लागतात आणि म्हणूनच कापायची खूण तीन-तीनांवर येते. तुमची हीच.

ती पेटली नाही याचं कारण साधं आहे. निळ्या आणि हिरव्या एलईडीला प्रत्येकी ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लाल एलईडीला २ च्या आसपास. तीन निळे एकामागोमाग म्हणजे ९ व्होल्ट, तीन लाल म्हणजे ६. बोर्डानं दिले ५. सगळ्यात कमी भूक असलेल्या लालचंही त्यात भागत नाही. पट्टी उपाशी राहिली, बोर्डावर भार आलाच नाही.

चुकलात ते या बाजूनं चुकलात हे बरं झालं. उलटं झालं असतं, म्हणजे ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या पिनांवर गेली असती, तर आज गोष्ट वेगळी असती.


चमचम_पीसी
शनिवार, रात्री ११.१०

काका, हे मला माहीतच नव्हतं. १२ व्होल्टची तीन वायरवाली पट्टी असते हेच आज कळलं. मामा, माझा आधीचा सल्ला चुकीचा होता, सॉरी. सॉफ्टवेअर कितीही चालू केलं असतं तरी ती पेटली नसती.


निळी_पाल
रविवार, सकाळी ७.२०

काका म्हणतात ते ‘उलटं’ माझ्या घरी झालंय, म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याच्या पीसीसाठी ५ व्होल्टची पट्टी आणली होती. बोर्ड जुना, त्यावर चार पिनांचा १२ व्होल्टचा हेडर तेवढा होता. पट्टीचं तोंड त्यावर बसेना, कारण एक भोक बुजवलेलं असतं. ते कशासाठी बुजवलंय हा विचार आम्ही केला नाही. दुकानदारानं ‘कन्व्हर्टर’ म्हणून एक छोटी वायर दिली, ती लावल्यावर बसलं. पीसी चालू केला, पहिले चार-पाच एलईडी क्षणभर पांढरे झाले आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. लगेच मेन स्विच बंद केला. पट्टी गेलीच, पण त्या हेडरवर नंतर १२ व्होल्टची नवी पट्टी लावली तर तीही पेटली नाही. बाकी बोर्ड अजून चालतो, ती कृपा.

ती वायर नुसता पिनांचा आकार बदलत होती, व्होल्ट बदलतच नव्हती. ५ व्होल्टच्या पट्टीला रंगांचा संदेश एका वायरवरून लागतो. चार पिनांचा हेडर असा संदेश पाठवतच नाही, तो लाल, हिरवा, निळा या तीन रंगांची वीज कमी-जास्त करतो, इतकंच. म्हणजे जळली नसती तरी ती चालणार नव्हतीच. या दोघांमध्ये साधी वायर घालून काही होत नाही. कोणी ‘फक्त एक कनेक्टर लावा’ म्हणालं तर कृपा करून ऐकू नका.


सोल्डरकाका
रविवार, सकाळी ८.०५

निळी पाल, तुम्ही हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. ते बुजवलेलं भोक हाच त्या कनेक्टरचा एकमेव पहारेकरी आहे.

त्याला एक पुरवणी. उलट्या बाजूनं पहारेकरी नाही. १२ व्होल्टच्या पट्टीचं चार भोकांचं तोंड तीन पिनांच्या ५ व्होल्टच्या हेडरवर आरामात बसतं. आणि गिगाबाइटच्या काही जुन्या बोर्डांवर तीन पिनांच्या हेडरशेजारी एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असायचा, त्यावर ५ की १२ व्होल्ट ते आपण ठरवायचं. कोणी वापरलेला बोर्ड घेतला असेल तर आधीच्या मालकानं तो जंपर कुठे ठेवलाय ते बघितल्याशिवाय काही जोडू नका. मल्टिमीटर असेल तर व्होल्ट मोजा: काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला आणि लाल प्रोब बाणाची खूण असलेल्या पहिल्या पिनेला, इतकंच. दोन पिनांना एकदम प्रोब लागू देऊ नका.


हडपसरचा_मामा
रविवार, सकाळी ९.१५

काका, गल्लीकर, पालताई, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री खरंच शांत झोप लागली.

मखराचा रोल मखरालाच राहील. आता नवीन घ्यायची. भाचीला काचेच्या आत वरच्या कडेला एक आणि खालच्या कडेला एक अशा ४०-४० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या हव्यात. शिवाय टेबलामागच्या भिंतीवर काहीतरी. तीन पिनांचा हेडर एकच आहे आणि त्यावर चार पंखे आधीच आहेत. भागेल का? आणि दुकानात काय म्हणून मागायचं?


तपकीर_गल्लीकर
रविवार, सकाळी १०.४०

आता खरा हिशोब आला. लोक मीटरमध्ये विचार करतात. मीटर सोडा, एलईडी मोजा.

एमएसआयच्या जेरेनबो हेडरला ५ व्होल्टवर ३ अँपिअरची मर्यादा आहे. पुस्तिकेत ती ७५ एलईडी अशी दिलेली असते, म्हणजे एका एलईडीला ०.२ वॅट किंवा ४० मिलिअँपिअर धरले आहेत. त्यातच पुढे लिहिलेलं असतं की उजेड २० टक्क्यांवर ठेवला तर २०० एलईडीपर्यंत चालेल. पण जुन्या धर्तीचा डब्ल्यूएस २८१२बी पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, तिन्ही रंगांचे २०-२०. तसे धरले तर ३ अँपिअरमध्ये ५० एलईडीच बसतात. मी नेहमी ५० धरतो.

तुमच्या एका पंख्यात किती एलईडी आहेत ते खोक्यावर बघा. १२ असतील असं धरू. चार पंख्यांचे ४८. पट्टी मीटरला ६० एलईडीची घेतली तर ४० सेंटिमीटरमध्ये २४, दोन पट्ट्यांचे ४८. एकूण ९६. कंपनीच्या ४० मिलिअँपिअरच्या हिशोबानंही ३.८४ अँपिअर होतात. हेडरच्या बाहेर गेलं.

म्हणून पंखे हेडरवरून काढा आणि साटा पॉवरवाल्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरवर चालणाऱ्या) एआरजीबी हबवर लावा. हबला वीज सरळ एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, मिळते, बोर्डाकडून फक्त रंगांचा संदेश येतो. साटाच्या तोंडात ५ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे साडेचार. चार पंखे पूर्ण पांढरे केले तरी २.८८. हेडर एकच असल्यामुळे एक स्प्लिटर लागेल, एक फाटा हबकडे, दुसरा पट्ट्यांकडे. मग बोर्डावर भार राहिला फक्त पट्ट्यांचा: ४८ गुणिले ६०, म्हणजे २.८८ अँपिअर. ३ च्या आत, तेही सगळ्यात वाईट स्थितीत.

साटाची वायर घेताना एक बघा. तोंड एकसंध ओतीव प्लॅस्टिकचं असेल तर टाळा. त्यात वायरी आतल्या आत सरकून शॉर्ट होतात, आग लागल्याची उदाहरणं आहेत. मागून वायरी दाबून बसवलेलं, झाकण दिसणारं तोंड घ्या.

दुकानात ‘आरजीबी स्ट्रिप’ एवढंच म्हणालात तर रिमोटवाली १२ व्होल्टचीच हातात पडेल. तिथे तीच जास्त खपते. ‘५ व्होल्ट, तीन पिन, एआरजीबी, डब्ल्यूएस २८१२बी, मीटरला ६०’ असं एका दमात म्हणा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तुकड्यानं मिळते. मुंबईचे कोणी वाचत असतील तर लॅमिंग्टन रोडला. मात्र तुकडा घेतला तर बोर्डाचं तोंड वेगळं घेऊन डाग द्यावा लागेल, म्हणजे सोल्डरिंग करावं लागेल. डाग द्यायची सवय नसेल तर तोंड लावलेली तयार पट्टी घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण तिथे कंजुषी नको.


भाची_बोलतेय
रविवार, सकाळी ११.३०

नमस्कार, मी मामाची भाची. आजच खातं काढलं. गल्लीकर काका, मीटरला १४४ एलईडीवाली घेतली तर? ६० वाल्यात काचेत ठिपके ठिपके दिसतात असं मैत्रिणीच्या पीसीत बघितलंय. आणि दोन पट्ट्या स्प्लिटरनं जोडू की एकीच्या शेवटाला दुसरी?


तपकीर_गल्लीकर
रविवार, दुपारी १२.१०

स्वागत आहे. दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

१४४ ची ४० सेंटिमीटर म्हणजे ५७ एलईडी, दोन मिळून ११४. कंपनीच्या हिशोबानं साडेचार अँपिअर. उजेड कायम खाली ठेवलास तर चालेल, पण कोणी चुकून पूर्ण पांढरा केला की हेडरवर ताण. ठिपक्यांवर उपाय एलईडी वाढवून करू नकोस, झाकण घालून कर. दुधी सिलिकॉनच्या नळीतली पट्टी मिळते, निऑनसारखी दिसते. किंवा ॲल्युमिनिअमची पन्हळ घे, तिला दुधी पट्टीचं झाकण असतं. आणि पट्टी काचेकडे तोंड करून लावू नकोस. कडेच्या आतल्या बाजूला, बोर्डाकडे तोंड करून लाव. एलईडी दिसू नये, तिचा उजेड दिसावा.

स्प्लिटरनं जोडल्यास तर दोन्ही पट्ट्या हुबेहूब एकच करतील. एकीमागे एक जोडल्यास तर रंग वरच्या पट्टीतून निघून खालच्या पट्टीत उतरेल. दिसायला दुसरं छान. फक्त सॉफ्टवेअरमध्ये एलईडींची संख्या ४८ टाकायची. २४ च टाकलीस तर दुसरी पट्टी काळी राहील.


सोल्डरकाका
रविवार, दुपारी १२.४५

बाळा, एकीमागे एक जोडणार असशील तर बाण बघ. पट्टीवर छोटे बाण छापलेले असतात. संदेश त्या दिशेनंच जातो, ‘डीआय’कडून आत, ‘डीओ’कडून बाहेर. प्रत्येक एलईडी आलेल्या संदेशातले पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो, रंगाला ८ प्रमाणे, आणि उरलेले ताजे करून पुढच्याला देतो. म्हणून मधला एक एलईडी मेला की त्याच्या पुढचे सगळे मुके होतात. दोष शोधताना पहिला मुका एलईडी आणि त्याच्या आधीचा शेवटचा पेटलेला, या दोघांपैकी एक खराब असतो. बाकीची पट्टी चांगली असते, फेकू नकोस.

आणखी एक. एसके ६८१२ नावाची एक जात आहे, ती साधी असेल तर चालते. तिच्यातच चौथा पांढरा एलईडी असलेली मिळते, ती घेऊ नकोस. तिला २४ च्या जागी ३२ बिट लागतात. बोर्ड २४ च्या हिशोबानं पाठवतो आणि मग दुसऱ्या एलईडीपासून रंग सरकत जातात, लाल सांगितलं की कुठे हिरवं कुठे पांढरं.


संकलक_ताई
रविवार, दुपारी २.३०

भिंतीच्या उजेडाबद्दल मला सांगायचंय. मी व्हिडिओ संकलन करते.

स्क्रीनमागच्या भिंतीला आरजीबी पट्टी लावून ‘पांढरा’ ठेवणार असाल तर तो पांढरा डोळ्यांना पांढरा वाटतो, पण तो तीन टोकदार रंगांची मोळी असतो. त्यात माणसाची कातडी, कापड, कागद यांचे रंग बिघडलेले दिसतात. खेळायला, गाणी ऐकायला हवा तो रंग लावा. पण भाची पुढे फोटो, ड्रॉइंग, व्हिडिओ करणार असेल तर भिंतीसाठी वेगळी साधी पांढरी पट्टी घ्या, ६५०० केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी, आणि तिचा उजेड स्क्रीनच्या कमाल उजेडाच्या दहाव्या हिश्शाएवढा मंद ठेवा. डोळ्यांचा शीण माझा तरी यानं खूप कमी झाला. ही पट्टी बोर्डाला जोडायचीच नाही, तिचा वेगळा अडॅप्टर.


केळशीकर
रविवार, दुपारी ४.०५

डिंकाबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडे कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते आणि पट्टीमागचा चिकट टेप महिन्याभरात सुटतो. माझी पट्टी सुटून ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात अडकली होती. सुदैवानं घरघर ऐकू आली. आता मी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो, पूर्ण वाळू देतो, पट्टी लावून अर्धा मिनिट दाबून धरतो आणि दोन्ही टोकांना चिमुकला केबल टाय मारतो. लोखंडी पत्र्याचं कॅबिनेट असेल तर लोहचुंबकाच्या पट्ट्याही मिळतात, त्या सगळ्यात चांगल्या.

सिलिकॉनचा लेप असलेली ‘वॉटरप्रूफ’ पट्टी पीसीसाठी घेऊ नका. जाड असते, वळत नाही आणि कापल्यावर डाग देण्याआधी लेप खरवडावा लागतो.


वाचक_नागपूर
रविवार, सायंकाळी ५.२०

धागा वाचतोय, खूप कामाचा आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा. माझ्या बोर्डावर फक्त चार पिनांचा १२ व्होल्टचा हेडर आहे आणि घरी चार वायरवाली पट्टी आहे: काळी, हिरवी, लाल, निळी. काळी म्हणजे अर्थिंग (जीएनडी) धरून जोडू ना?


सोल्डरकाका
रविवार, सायंकाळी ५.४५

नाही! बरं झालं विचारलंत. या पट्ट्यांमध्ये काळी वायर बहुतेक वेळा अधिक १२ व्होल्टची असते. या पट्टीत जीएनडी नसतंच. तिन्ही रंगांना अधिक बाजू एकच आणि हेडर प्रत्येक रंगाची उणे बाजू उघडझाक करतो. वायरच्या रंगावर विसंबू नका. पट्टीवर ठिपक्यांपाशी छापलंय ते वाचा आणि ‘+१२व्ही’ ज्या वायरला जातं ती बोर्डाच्या बाणवाल्या पिनेवर. पुढचा क्रम बोर्डावर हिरवा, लाल, निळा असा असतो. रंग अदलाबदल झाले तर नुकसान नाही, लालच्या जागी हिरवा दिसेल, एवढंच. अधिकची पिन मात्र चुकवू नका.

दुसरं, छापील अक्षरं ‘+५व्ही’ असली तर ती टीव्हीमागे यूएसबीवर लावायची चार वायरची पट्टी आहे. तीही असते. ती १२ वर लावू नका.

आणि लांबी. मीटरला ६० ची ही पट्टी साधारण १४.४ वॅट घेते, म्हणजे १.२ अँपिअर. हेडर ३ अँपिअरचा असेल तर दोन मीटर ठीक. ५ मीटरचा अख्खा रोल ६ अँपिअर मागतो. काही बोर्डांवर मर्यादा २ अँपिअरचीच असते, पुस्तिका उघडून बघा.


वाचक_नागपूर
रविवार, सायंकाळी ६.०२

बघितलं. ‘+१२व्ही’ काळ्या वायरलाच आहे. दीड मीटर कापून लावतो. काका, खूप धन्यवाद.


भाची_बोलतेय
बुधवार, रात्री ८.५०

आज आम्ही मामाच्या गाडीवरून बुधवार पेठेत गेलो आणि गल्लीकर काकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तिसऱ्या दुकानात मिळाली: दुधी नळीतली, तोंड लावलेली, ४०-४० च्या दोन. हब आणि स्प्लिटरही घेतला. पंख्यांच्या खोक्यावर खरंच १२-१२ एलईडी लिहिले होते.

पीसी बंद करून, मागचा स्विच बंद करून, वायर काढून सगळं जोडलं. पहिल्यांदा वरची पट्टी पेटली, खालची नाही. मामाचा चेहरा पडला. मग काकांचे बाण आठवले. खालची पट्टी मी उलटी लावली होती, ‘डीओ’ आत. फिरवून लावली, संख्या ४८ टाकली आणि रंग वरून खाली उतरला. मी आणि मामा दोघंही पाच मिनिटं काही न बोलता बघत बसलो.

एकच अडचण राहिली. पीसी बंद केल्यावरही पट्ट्या पेटलेल्या राहतात. धाकटा भाऊ त्याच खोलीत झोपतो.


चमचम_पीसी
बुधवार, रात्री ९.०५

हे मला नक्की माहीत आहे! बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जा, पॉवर मॅनेजमेंटच्या भागात ‘ईआरपी रेडी’ असेल, ते चालू कर. पीसी बंद झाल्यावर बोर्ड स्टँडबायची वीज तोडतो, पट्टी विझते. फक्त बंद पीसीच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज होत असेल तर तो नंतर होणार नाही.

आणि रंगांसाठी दोन सॉफ्टवेअर एका वेळी चालू ठेवू नकोस. दोघं एकाच पट्टीला वेगवेगळं सांगतात आणि रंग अडकतात. विंडोज ११ मध्ये आता सेटिंगमध्येच ‘डायनॅमिक लाइटिंग’ आहे, काही उपकरणं त्यात दिसतात. पुढे लिनक्स वापरलंस तर ओपनआरजीबी बघ, ते फुकट आणि मुक्त आहे.


भाची_बोलतेय
बुधवार, रात्री ९.३०

केलं. विझली. भाऊ झोपला.

सोल्डरकाका, मखराच्या रोलचं एक विचारू? तो पुढच्या गणपतीत मी स्वतः प्रोग्रॅम करू शकेन का? आरतीच्या वेळी मंद पिवळा आणि एरवी संथ बदलणारा, असं काहीतरी. तो रिमोटवाला कंट्रोलर सारखा लुकलुकतो, आजीला त्रास होतो.


सोल्डरकाका
बुधवार, रात्री १०.१५

नक्की करू शकशील, आणि पीसीपेक्षा त्यात जास्त शिकशील. एक ईएसपी३२ चा, म्हणजे वायफायवाला प्रोग्रॅम करता येणारा, छोटा बोर्ड घे आणि त्यात डब्ल्यूएलईडी हे मुक्त सॉफ्टवेअर टाक. मग मोबाइलवरून रंग, वेग, वेळ सगळं ठरवता येतं. सेटिंगमध्ये पट्टीची जात डब्ल्यूएस २८११ निवड आणि रोल मीटरला ६० चा असेल तर संख्या ३०० नको, १०० टाक. तुझ्या रोलमध्ये तीन एलईडींना एकच चिप आहे ना!

वीज रोलला त्याच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधूनच दे. ईएसपी३२ ला वेगळे ५ व्होल्ट, मोबाइलच्या चार्जरमधून. पण दोघांचं जीएनडी (उणे बाजू) एकमेकांना जोड, नाहीतर संदेश पोचणार नाही. ईएसपी३२ चा संदेश ३.३ व्होल्टचा असतो, पट्टीला ५ चा आवडतो. कधी तसाच चालतो, कधी रंग थरथरतात. थरथरले तर मध्ये ७४एएचसीटी१२५ ही ३.३ चा संदेश ५ चा करणारी चिप घाल. संदेशाच्या वायरीत पट्टीच्या तोंडाशी ३३० ओहमचा रेझिस्टर लाव. ५ मीटरच्या शेवटी उजेड कमी पडला, रंग तांबूस झाला, तर १२ व्होल्टची एक जोडी मागच्या टोकालाही नेऊन जोड.

आत्तापासून लाग. डाग द्यायचा हात बसायला वेळ लागतो. अडलं की याच धाग्यावर विचार.


हडपसरचा_मामा
बुधवार, रात्री १०.४०

काका, सोल्डरगन किती वॅटची घेऊ? उद्याच आणतो.


सोल्डरकाका
बुधवार, रात्री १०.४८

गन नको, साधं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणा, बारीक टोकाचं. सोबत फ्लक्स आणि ओला स्पंज.